जावयाच्या गाडीचं डिझेल

चिचगड
१४ जून २०१०

प्रिय उर्वशीताई,

लग्न होऊन दीड महिना झाला आणि तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून रागावली असशील. काय करू, वेळच मिळत नाही. रोज कुठे ना कुठे जायचं असतं, आणि आता जायचं म्हणजे गाडीनंच.

गाडीची काय तारीफ करू! लाल रंग, मागच्या काचेवर पंख, खाली चकाकणारी ॲलॉयची चाकं. चिचगडात अशी गाडी दुसरी नाही. देवरीत एक आहे म्हणतात, पण ती पेट्रोलची. आपली डिझेल, आणि त्यात स्पोर्ट मॉडेल. काटा दोन हजाराच्या वर गेला की टर्बो लागतो आणि पाठ सीटला चिकटते. पहिल्यांदा तर मी ओरडलेच. थोडी ठेंगणी आहे, स्पीडब्रेकरवर पोट घासते, आणि खड्डा आला की कंबरेत कळतो. पण हे म्हणतात, ज्यांना गादीवर बसायचं असेल त्यांनी बैलबंडी घ्यावी. लिटरला एकोणीस किलोमीटर देते, तेही जंगलच्या रस्त्यानं.

हे गाडीला फार जपतात. चप्पल बाहेर काढून बसायचं. आत काही खायचं नाही. घरी आल्यावरही इंजिन लगेच बंद करत नाहीत, दोन मिनिटं तसंच चालू ठेवून बसतात. टर्बो थंड व्हावा लागतो म्हणे. आपल्या कृषी केंद्राच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

बाबांनी मंडपात सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, की गाडी दिली तसं पहिल्या वर्षाचं डिझेलही मीच पाठवीन. तो मान ते पाळतात. दर पंधरा दिवसांनी सवाऱ्या नेणाऱ्या खुशालच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये वीस लिटरचा डबा येतो. सासूबाई शेजारच्या बायांना बोलावून दाखवतात. इथे पेट्रोलपंप नाही, त्यामुळे डब्याची किंमत जास्तच.

तुझं कुठे जमून राहिलं आहे का? मोठेबाबांना सांग, मोटरसायकलवर अडून बसू नका. आजकाल तेवढ्यात चांगला मुलगा मिळत नाही.

तुझी,
रुचि उमेंद्र रहांगडाले


बिरसी
२८ जून २०१०

रुचि,

पत्र मिळालं. आईनं आधी उघडलं. शेवटची ओळ वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पुढचं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव, तुझ्या गाडीचं कौतुक मी एकटीच वाचत जाईन.

वा गं बाई! दीड महिन्यात टर्बो शिकलीस. बारावीत तुला प्रयोगवहीतली आकृती काढता येत नव्हती, माझी उतरवून घ्यायचीस. आताही उतरवूनच घेतलंस म्हणा. उमेंद्रला मी आधी चहा दिला होता, आठवतं ना? याच अंगणात. पसंती झाली होती. बाबा मोटरसायकलवर थांबले, तिकडून निरोप आला की विचार करून कळवतो. तिसऱ्या दिवशी तुझ्या बाबांनी, माझ्या सख्ख्या काकांनी, रस्त्याकडचा प्लॉट विकायला काढला आणि गोंदियाला शोरूममध्ये गेले. एका अंगणातली दोन दारं. माझ्याकडे येणारा पाहुणा तुझ्या दारात वळवला. आणि तू नवी साडी नेसून उभी होतीस, एकदा तरी नाही म्हणायचंस.

जाऊ दे. गाडी छान आहे हे मी मानते. अंगणात आणली तेव्हा विमान चालवायला शिकवतात त्या शाळेतली पोरंही कुंपणाशी थांबून पाहत होती.

आता तुझ्या मानाच्या डब्याचं ऐक. काकांना कुठे वेळ आहे? डबा मी भरते. शाळेत जायच्या आधी, गोठ्याजवळच्या ड्रममध्ये पाइप टाकून तोंडानं ओढावं लागतं. दोनदा डिझेल तोंडात आलं. तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या टर्बोला माझी थुंकी लागलेली आहे, सांग त्याला.

सासूबाईंना नमस्कार.

उर्वशी


चिचगड
३ सप्टेंबर २०१०

उर्वशीताई,

हे पत्र मी घरी बसून नाही लिहून राहिली. आमच्या गल्लीत रेणू म्हणून एक बाई ब्लाउज शिवते, तिच्या दुकानात बसली आहे. माप द्यायला चालली असं सांगून आली. यापुढे तू पत्र रेणूच्या नावानं टाक, शिलाई दुकान, शाळेच्या मागे. घरी नको पाठवू. तुझं मागचं पत्र यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. थुंकीची गोष्ट आली तेव्हा माझा दीर हसला, हे नाही हसले. चार दिवस माझ्याशी घरात कोणी बोललं नाही.

आणि पहिलं पत्र मी माझ्या मनानं नव्हतं लिहिलं, ताई. हे बाजूला बसले होते. अर्धं त्यांनीच सांगतलं. मोटरसायकलची ओळ तर पूर्ण त्यांची. मी म्हटलं, ताईले लागंन. तर म्हणाले, लागावं म्हणूनच लिही. मी लिहिलं. मोठीआई संध्याकाळपर्यंत बाहेर नाही आली हे वाचून मले फार वाईट वाटलं.

खरं सांगू का? त्या गाडीत मी चार महिन्यात दोनदा बसली. पुढच्या सीटवर सासूबाई बसतात. मागची सीट पांढरी आहे, तिच्यावर डाग पडतो, म्हणून मी एसटीनं जाते. सकाळी बोअरिंगच्या दोन बादल्या आणून गाडी धुणं माझं काम. चाकातली एकएक फट जुन्या दातब्रशनं. जुलैमध्ये पुसताना बांगडीचा ओरखडा आला, नखाएवढा. यांनी लग्नाच्या हिरव्या बांगड्या सगळ्या काढायला लावल्या. सासूबाई म्हणाल्या, नव्या सुनेचे हात मोकळे चांगले नाही दिसत, म्हणून दोन्ही हातात लाल दोरा बांधला. आता तोच आहे.

माझा दीर खुमेंद्र यांच्यापेक्षा तापट आहे. गल्लीतली एक कुत्री उन्हाची गाडीखाली येऊन झोपायची. त्यानं लोखंडी सळाखीनं मारली. पिलं होती तिच्या पोटात. मीच उचलून शेताच्या बांधावर टाकली.

मले दिवस गेले आहेत. तिसरा महिना. घरी अजून कोणाले सांगू नको, आईलेही नको. मले फक्त तुले सांगावंसं वाटलं. आपण दोघी एकाच गोधडीत झोपलो आहे, तूच समजून घेशील.

तुझी रुचि


बिरसी
२० सप्टेंबर २०१०

रुचि,

आता काऊन रडून राहिली? गाडीत बसायला मिळत नाही म्हणून? बाई गं, गाडी तुला दिली नव्हती, त्याला दिली होती. तुझ्या बाबांनी पावती कोणाच्या नावाची केली ते आठव.

पहिलं पत्र त्यानं सांगून लिहवलं म्हणतेस. असेल. पण अक्षर तुझंच होतं, आणि हात धरून काही लिहवलं नव्हतं. आणि समज नसतंच लिहिलं, तरी आमच्या घरात काय फरक पडला असता? मागच्या रविवारी मला पाहायला सालेकसाकडचे लोक आले होते. मुलाच्या मामानं अंगणात उभं राहून विचारलं, 'इकडच्या घरी मोटरगाडी दिली होती ना? तुमच्याकडे काय आहे?' ते लोक चहा अर्धा ठेवून गेले. तुझ्या लाल गाडीनं आमच्या घरचा भाव ठरवून टाकला आहे. आता प्रत्येक जण त्याच मापानं मोजतो.

दिवस गेले, चांगली गोष्ट आहे. पोर झालं की सगळे हळूहळू मऊ होतात असं बाया म्हणतात. दूध पीत जा. कुत्र्याच्या गोष्टी मला लिहून पाठवू नकोस, जेवण जात नाही.

डबा परवा पाठवला, मिळाला असेल.

उर्वशी


चिचगड
२ डिसेंबर २०१०

उर्वशीताई,

घाईत लिहून राहिली आहे. रेणूनं दार लोटून घेतलं आहे.

गाडी मागच्या सोमवारी देवरीच्या रस्त्यावर, जंगलात बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. बाजाराचा दिवस होता, अख्खं गाव दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहत होतं. पोरं मागून ढकलल्याचं नाटक करून हसत होती. हे स्टिअरिंग धरून आत बसले होते, खाली मान घालून. गोंदियावरून चुन्नीलाल मिस्त्रीले बोलावलं. त्यानं फिल्टर खोलला, तेल हातावर घेऊन हुंगलं आणि म्हणाला, 'साहब, इसमें मिट्टी का तेल गया है. पंप गया, चारों इंजेक्टर गए. ये कोई ट्रॅक्टर थोड़ी है, जो सब पचा ले.'

मी डबा ओतताना पाहिलं होतं, रंग निळसर होता. म्हटलं, हे डिझेल वेगळं दिसून राहिलं. हे म्हणाले, 'तुले काय समजते? गाळून टाक.' मी माझ्या ओढणीतून गाळून टाकलं. आता घरात एकच बोलणं आहे, तुझ्या बापानं मानाच्या डब्यात घासलेट पाठवलं. इंजिन नवं करून देत नाही तोपर्यंत माहेरी पाय टाकायचा नाही. ताई, बाबा असं करतील का? मले नाही वाटत.

मोबाईल सासूबाईच्या कमरेला असतो. रविवारी बाबांचा फोन येतो तेव्हा स्पीकर लावून माझ्या तोंडासमोर धरतात. मी म्हणते, बरी आहे. बाबा म्हणाले, सातवा लागला की ओटी भरून पोरीले घेऊन येतो. यांनीच मधात उत्तर दिलं, डॉक्टरनं प्रवास बंद सांगितला, बाळंतपण इथेच करू. कोणत्याही डॉक्टरनं असं नाही सांगितलं. मले डॉक्टरकडे नेलंच नाही अजून. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर मले वाढतात. या आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडली, एकदा न्हाणीत.

एकच काम कर ताई. बाबांना एकटं गाठ आणि सांग, स्पीकरवर पोरगी खोटं बोलते. न कळवता या. काळीपिवळीनं या, कशानंही या, आणि मले घेऊन जा. इंजिनाचं मग पाहू. मी अंगावरच्या साडीनं निघीन. मले माझं नाही, पोटातल्याचं भय वाटून राहिलं. नऊ महिने इथे काढले तर ते नाही वाचणार, मले माहीत आहे.

तुझ्याशिवाय कोणाले सांगू? फक्त बाबांच्या कानावर घाल. तुझ्या पाया पडते.

रुचि


बिरसी
१५ डिसेंबर २०१०

रुचि,

आधी डब्याचं सांगते. काकांनी घासलेट पाठवलं नाही. आपल्याकडे ड्रम दोन आहेत, विसरलीस? एक ट्रॅक्टरचा, एक पंपाच्या इंजिनाचा. पंपाच्या ड्रममध्ये राशनचं घासलेट मिसळतात, हे आपल्या घरातलं लहान पोरही जाणतं. मागचे तीन डबे मी त्यातून भरले. पहिला घाईत, चुकून. दुसरा आणि तिसरा चुकून नाही.

का केलं ते ऐक. दिवाळीत तुझा नवरा एकटाच आला होता. गाडी बरोबर आमच्या दारासमोर लावली, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसला. मग बाबांना म्हणाला, 'मोठेबाबा, या, बसून तर पाहा.' बाबा भोळे, चप्पल काढून बसले. तो म्हणाला, 'मोटरसायकलवर मिळतो का असा आराम?' आणि काका हसले. माझे बाबा पण हसले, रुचि. त्या सीटवर बसून, अनवाणी, हसले. मी ओट्यावरून पाहत होते. तुला का आणलं नाही विचारलं तर म्हणाला, 'घाटात उलटी केली तर सीट कोण धुईल?' दुसऱ्या दिवशी मी डबा भरायला गेले आणि पाइप उचलून त्या ड्रममध्ये टाकला. वाटलं, मरू दे ती गाडी, रस्त्यात सगळ्यांसमोर मरू दे. मेली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

हे पत्र तू कोणाला दाखवशील अशी भीती मला नाही. दाखवलंस तर तुझ्याच माहेरच्या माणसानं मुद्दाम गाडी मारली असं होईल, आणि भोगावं तुलाच लागेल.

राहिलं तुझं काम. काकांना सांगितलं. तू म्हटलं तसं, एकटं गाठून, खळ्यावर. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'एवढी महागाची गाडी दिली ते पोरगी परत आणायले का? राहू दे तिले. पोर झालं की सारं ठीक होईन.' मी आणखी काय करू? सध्या धानाचे व्यापारी येऊन राहिले आहेत, काका त्यात आहेत. तू फोनवर त्यांच्याजवळ विषय काढू नकोस, आधीच चिडले आहेत.

जपून राहा. न्हाणीत पाट धरून बसत जा.

उर्वशी


चिचगड
९ फेब्रुवारी २०११

ताई,

पोरगी झाली होती. मेलेली. एक तारखेले.

गाडी जानेवारीत दुरुस्त होऊन आली होती. यांनी बाबांना फोन करून काय सांगितलं माहीत नाही, बाबांनी खर्च दिला म्हणे. नवा पंप, नवे इंजेक्टर. आता आवाज पहिल्यापेक्षा नरम आहे असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मले वाटलं, इंजिन झालं, आता सोडतील. तर म्हणाले, आठव्यात कुठे जाते.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता पाणी गेलं. गाडी अंगणातच होती. यांनी दार उघडलं, सीटवर खताच्या रिकाम्या थैल्या टाकल्या, वरून पेपर. मी एक पाय आत ठेवला तर साडीतून पाणी सांडलं, खाली पायपुसण्यावर. हे पाहत राहिले. मग म्हणाले, 'उतर.' खुशालच्या जीपले फोन लावला. तो सवाऱ्या सोडायला गेला होता. दोन तास मी ओट्यावर बसली. समोर गाडी उभी होती. हे पायपुसणं धुवून वाळत घालत होते.

देवरीच्या दवाखान्यात बाईनं तपासलं आणि विचारलं, 'इतका वेळ कुठे होते?' पोरगी कापडात गुंडाळून हातात दिली. केस भरपूर होते. नाक तुझ्यासारखं होतं, सरळ. मी तिचं नाव मनात ठेवलं होतं, ते आता कोणाले नाही सांगत.

बाबांनी नाही म्हटलं हे मी फार लावून घेतलं होतं. दोन महिने रोज त्यांचं ते बोलणं मनात घोकायची. आता नाही घोकत. यांनी त्यांना कळवलं आहे, बाबा येणार आहेत. मले त्यांना काही विचारायचं नाही. एवढ्या लांबून येतील, चहा करून देईन.

रुचि


बिरसी
१८ फेब्रुवारी २०११

रुचि,

तुझं पत्र शाळेत मिळालं. दुसरीचा वर्ग होता. पोरं पाढे म्हणत होती आणि मला पुढचा पाढा कोणता ते आठवेना. मी मुतारीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुला वाटत असेल ही दगड आहे. मी दगड नाही.

पण एक सांगून ठेवते. इंजिन मी मारलं, ते कबूल करते. पोरगी मी मारली नाही. दार उघडून 'उतर' मी म्हटलं नाही. गाडी तर चालू होती ना त्या दिवशी? मग माझ्या घासलेटाचा काय संबंध? तो माणूस तसा निघाला, त्याला मी काय करणार? मला नाक सरळ होतं वगैरे का लिहिलंस? काय मिळालं तुला ते लिहून? तेव्हापासून आरशात पाहायची भीती वाटते.

काका पुढच्या आठवड्यात निघतील. खूप खचले आहेत, जेवत नाहीत. त्यांना मागचं काही विचारू नकोस, रुचि. बाप आहे. झालं ते झालं. तू विचारशील, ते उत्तर देतील, आणि दोघांनाही त्रास होईल. तुला माझी शपथ.

आणि माझी पत्रं जाळून टाक. सगळी. रेणूच्या दुकानात चूल असेलच. आजच जाळ.

उर्वशी


चिचगड
११ एप्रिल २०११

उर्वशीताई,

तुझं पत्र बाबांच्या एक दिवस आधी पोहोचलं. त्यांना काही विचारू नको असं तू शपथ घालून लिहिलं होतं. मी विचारणार नव्हती. तुझं वाचून विचारावंसं वाटलं.

त्यांना रेणूच्या दुकानात नेलं, साडीचा पिको पाहू म्हणून. विचारलं, 'बाबा, एवढी महागाची गाडी दिली ते पोरगी परत आणायले का, असं तुम्ही म्हटलं होतं?' ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. म्हणाले, 'कोणाले म्हटलं मी? पोरी, फोनवर तू बरी आहे म्हणत होती. मले एक शब्द कळला असता तर मी पायी आलो असतो.' मग मशीनवर डोकं ठेवून रडले. माझ्या बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजीच्या वेळीही नाही.

त्यांना तुझं नाव नाही सांगितलं. म्हटलं, मले तसं स्वप्न पडलं होतं.

ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता चल. मी नाही गेली. जिच्यासाठी जायचं होतं ती राहिली नाही. आणि तिथे आली असती तर सकाळ-संध्याकाळ अंगणात तू दिसली असती. तू तिथे आणि मी तिथे, हे मले सोसलं नसतं. तू इथे असलेली चालंन.

म्हणून एक काम केलं. माझा दीर खुमेंद्र सत्तावीसचा झाला, त्याच्यासाठी पोरी पाहून राहिले होते. मी सासूबाईले म्हटलं, माझ्या मोठेबाबांची उर्वशी आहे ना, पहिल्यांदा तुम्ही जिले पाहायला गेले होते ती. गोरी आहे, शिकलेली आहे, शाळेत शिकवते. तिच्या बाबांजवळ गाडी मागू नका, काहीच मागू नका, नोकरीवाली पोरगी आहे. सासूबाई खूश झाल्या. पहिल्यांदा मले आपल्या सोबत जेवायला बसवलं. निरोप बाबांच्याच हाती पाठवला. बाबांनी विचारलं, 'हे घर चांगलं आहे का उर्वशीसाठी?' मी त्यांच्या डोळ्यात पाहून हो म्हटलं. म्हटलं, माझं नशीब खोटं होतं, घर नाही. आणि मले सोबत होईन. हेच ऐकून ते तयार झाले. तुझ्यापासून खोटं बोलायला शिकली, ताई.

मोठेबाबा आनंदानं रडले म्हणे. सव्वीस वर्षांची पोरगी, आणि समोरून एक सुद्धा मागणी नाही. परवा त्यांचा फोन आला, पक्कं म्हणून. अक्षय तृतीयेला साखरपुडा. सासूबाईनं फोन मले दिला होता, स्पीकर न लावता.

तुले नाही म्हणता येत नाही, असं काही नाही. मोठेबाबांना सांग, ते लोक चांगले नाहीत. ते विचारतील, तुले कसं माहीत? मग सांग, रुचिनं लिहिलं होतं. ते म्हणतील, दाखव. माझी पत्रं तुझ्याजवळ असतील, फाडली असशील तर हरकत नाही. तुझी सगळी माझ्याजवळ आहेत, रेणूच्या पेटीत, खालच्या कप्प्यात. नाही जाळली. पंधरा डिसेंबरच्या पत्रात सगळं आहे. दोन ड्रम आहेत, आणि बाबांच्या तोंडचं ते वाक्य आहे, जे त्यांनी कधी म्हटलंच नाही. ते बाबांना वाचून दाखवायचं की नाही, हे तू ठरव. मी माझ्या मनानं नाही दाखवणार. मले घाई नाही.

मी आधी अशी नव्हती. तुले माहीत आहे, मी कशी होती. आता अशी झाली आहे, आणि मले त्याचं काही वाटून नाही राहिलं.

लग्न जूनच्या आधी करू म्हणतात. नोकरी सोडायचं पत्र मधातच देऊ नको, खुमेंद्रभाऊ विचारतील तेव्हा सांगू. त्यांना जेवणात मीठ कमी लागते, जास्त झालं तर ताट फेकतात, तेव्हा आतापासून हात बसव. बाकी आल्यावर शिकवीन. या घरात मी मोठी सून आणि तू लहान, म्हणून सगळ्यांसमोर मले तू ताई म्हणशील.

तुझी होणारी मोठी जाऊ,
रुचि